निळूभाऊंना वाड्याबाहेर येऊ द्या

प्रति,
मराठी विनोदी कार्यक्रमांचे लेखक, नकलाकार, सूत्रसंचालक आणि वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

जुलै महिन्याची तेरा तारीख जवळ आली की निळू फुले यांची छायाचित्रे मोबाइलवर फिरू लागतात. २००९ साली याच तारखेला निळूभाऊ पुण्यात गेले. छायाचित्रात पांढरी टोपी असते, अर्धे मिटलेले डोळे असतात, आणि खाली विनम्र अभिवादनाच्या शेजारी, कधी कधी तर त्या अभिवादनाच्या जागी, एकच ओळ असते: ‘बाई, वाड्यावर या.’ चार दशके रंगभूमीवर आणि पडद्यावर काम केलेल्या नटाची आठवण म्हणून महाराष्ट्राने एवढेच जपून ठेवले असेल, तर त्यात आम्हा चाहत्यांचा दोष आहेच. परंतु ती ओळ घराघरांत पोहोचवण्यात आपल्या कार्यक्रमांचा वाटा मोठा आहे, आणि म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. यात कोणा एका कार्यक्रमाचे किंवा कलावंताचे नाव घेतलेले नाही, कारण ही सवय कोणा एकाची राहिलेली नाही.

मध्यंतरी ओळखीच्या एका कार्यालयाच्या स्नेहसंमेलनाला गेलो होतो. तेथे एका हौशी तरुणाने निळूभाऊंची नक्कल केली. धोतर भाड्याने आणलेले होते, टोपी तिरकी होती, खालचा ओठ सोडलेला होता आणि आवाज घशाच्या तळातून काढलेला होता. नक्कल वाईट नव्हती. थोडा वेळ ती चालल्यावर त्याने समोरच्या रांगेत बसलेल्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या एका मुलीकडे बोट केले आणि ती ओळ म्हटली. सभागृह हसले, साहेब हसले आणि ती मुलगीही हसली. न हसून तिला काय करता आले असते, हे मला अजून सुचलेले नाही. कार्यक्रम संपल्यावर मी त्या तरुणाला विचारले की ही ओळ कोणत्या चित्रपटातली. तो प्रामाणिक होता. म्हणाला, “काका, ते काही माहीत नाही, सगळेच म्हणतात.” तेव्हापासून हाच प्रश्न मी आणखी तीन-चार नकलाकारांना विचारला आहे. एकालाही चित्रपटाचे नाव सांगता आले नाही, आणि दोघांनी तर निळू फुले यांचा एकही चित्रपट पूर्ण पाहिलेला नव्हता.

मला जे अस्वस्थ करते ते नीट मांडण्याचा प्रयत्न करतो. निळूभाऊंनी रंगवलेला गावपुढारी जेव्हा एखाद्या बाईकडे पाहत असे, तेव्हा प्रेक्षागृहात हसू उमटत नसे. माझ्या आजीने जत्रेतल्या तंबूत त्यांचा एक चित्रपट पाहिला आणि मध्येच उठून पडद्याच्या दिशेने बोटे मोडली. पुढे कितीतरी वर्षे ‘तो मेला’ एवढेच ती त्यांच्याविषयी म्हणत असे. बायका त्यांना समोर पाहून शिव्या देत, असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते, आणि आजीला पाहिलेले असल्यामुळे मला ते सहज खरे वाटते. आजीच्या पिढीतल्या बायकांना तो माणूस ओळखीचा होता. सोसायटीच्या कर्जासाठी, रेशनकार्डासाठी, मुलाच्या नोकरीसाठी ज्याच्या दारात उभे राहावे लागते आणि जो उत्तर देण्याआधी वरपासून खालपर्यंत पाहून घेतो, असा माणूस त्यांच्या गावात खरोखरच होता. निळूभाऊंनी त्याला चेहरा दिला, आवाज दिला, आणि त्याची किळस वाटेल असे काम केले. आज त्याच नजरेची नक्कल होते तेव्हा आपण त्या माणसाच्या बाजूने हसत असतो. भीती गळून पडली आहे आणि गंमत तेवढी उरली आहे. नटाच्या कामाचा अर्थ इतका उलटा फिरलेला मी दुसरा पाहिलेला नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर हे पत्र नकलेच्या विरोधात आहे असा समज होईल. नक्कल ही आपल्याकडची जुनी आणि मानाची कला आहे. तमाशातली बतावणी, सोंगी भारूड, लोकनाट्यातला सरदार आणि शिपाई हे सगळे नकलेवरच उभे आहे, आणि निळूभाऊ स्वतः त्याच परंपरेतून आले. त्यांना नकलेचा राग आला असता, असे मला वाटत नाही. परंतु सोंग घेणाऱ्याने ज्याचे सोंग घ्यायचे त्याच्याकडे नीट पाहिलेले असावे लागते, आणि आपल्या नकला निळूभाऊंकडे पाहून केलेल्या नाहीत. त्या नकलेची नक्कल आहेत. गणपत पाटील यांच्या वाट्याला हेच आले होते. नाच्याची भूमिका त्यांनी इतकी हुबेहूब केली की लोकांनी माणूस आणि भूमिका यांत फरक करणे सोडले, ‘आत्ता गं बया’ एवढ्या तीन शब्दांत त्यांना कोंडले, आणि त्याचा जाच त्यांना व त्यांच्या घराला उभा जन्म सोसावा लागला. निळूभाऊ त्या मानाने सुदैवी, कारण त्यांना हयातीत वेगळ्या भूमिकाही मिळाल्या. त्या भूमिका विसरल्या जात आहेत, ही आताची गोष्ट आहे.

पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करणारा एक तरुण राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात येतो, तेथे राम नगरकरांसारखे सोबती त्याला मिळतात, पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’ या लोकनाट्यातल्या कामामुळे तो लोकांच्या नजरेत भरतो आणि पुढे शंकर पाटील यांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगाचे प्रयोग करत गावोगाव फिरतो. अशी त्यांची सुरुवात आहे. हे सांगण्याचे कारण असे की गावपुढारी त्यांनी स्टुडिओत बसून शिकलेला नव्हता. वगाच्या दौऱ्यात ज्या गावी मुक्काम पडे, तेथे कलावंतांची जेवणाची सोय करणारा, पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर पान चघळत बसणारा, आणि प्रयोग संपल्यावर ‘जरा बसा की’ असे म्हणणारा माणूस त्यांना रोज भेटत असणार. १९६८ साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’मध्ये ते झेलेअण्णा झाले, तेव्हा मराठी पडद्याला हा माणूस पहिल्यांदाच इतक्या जवळून दिसला. झेलेअण्णा ओरडत नाही. तो कानाशी येऊन बोलतो.

निळूभाऊंचा पुढारी हळू बोलतो, ही गोष्ट आपल्या नकलांमधून संपूर्ण नाहीशी झाली आहे. नकलाकार आवाज खरखरीत करतो आणि चढवतो. मूळ नट आवाज उतरवत असे, वाक्य अर्ध्यावर सोडत असे आणि उरलेले अर्धे ऐकणाऱ्याने स्वतःच्या भीतीने पुरे करावे म्हणून थांबत असे. ज्याच्या हातात खरी सत्ता असते त्याला आवाज चढवावा लागत नाही, हे त्यांनी कोणत्याही राज्यशास्त्राच्या प्राध्यापकापेक्षा अचूक ओळखले होते.

‘सामना’मधला हिंदुराव धोंडे पाटील पाहा. विजय तेंडुलकरांचे लेखन, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, रामदास फुटाणे यांची निर्मिती आणि समोर डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर. १९७५ साली हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. आपल्यापैकी ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांना मी पहिली सूचना अशी करीन की हिंदुराव वाड्यातला पाटील नाही. तो साखर कारखान्याचा माणूस आहे. ही भूमिका समजायची तर तिच्या मागचा काळ ध्यानात घ्यावा लागतो. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पश्चिम महाराष्ट्रात असे कारखाने, सूतगिरण्या, दूध संघ, बँका उभ्या राहिल्या. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. गावात पैसा आला, शाळा आल्या, रस्ते झाले, आणि या सगळ्याच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला लागल्या असा एक नवा वर्ग तयार झाला. त्यात भले लोकही होते. हिंदुराव या वर्गाचा आहे. त्याला आपल्या कर्तबगारीचा खराखुरा अभिमान आहे, आणि तो अभिमान पोकळ नाही. दारुड्या, फाटक्या कपड्यांच्या, कोण कुठल्या मास्तराला तो आपल्याकडे ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो, आपले साम्राज्य हौसेने दाखवतो. त्याला मास्तर आवडतो. निळूभाऊंनी ती आवड इतक्या मोकळेपणाने रंगवली आहे की आपल्यालाही काही काळ हिंदुराव आवडू लागतो, आणि येथेच त्या भूमिकेची खोली आहे.

मग मास्तर विचारू लागतो की मारुती कांबळेचं काय झालं. फौजेतून गावी परतलेला हा माणूस कुठे गेला, याचे उत्तर गावात कोणी देत नाही. हा प्रश्न पुढे महाराष्ट्रात म्हणीसारखा वापरला गेला, तो आपल्यालाही पाठ असेल. परंतु प्रश्न विचारणाऱ्या लागूंइतकेच तो ऐकणाऱ्या निळूभाऊंकडे पाहावे. यजमानाच्या चेहऱ्यावरचे हसू लगेच मावळत नाही. ते तसेच राहते, फक्त डोळे त्यातून निघून जातात. पुढे चित्रपटभर हा माणूस मास्तराला धमकावावे की समजवावे या पेचात असतो, आणि त्या पेचात धाकाइतकेच दुःख असते, कारण बरोबरीने बोलता येईल असा त्याला भेटलेला तो एकुलता एक माणूस असतो. खलनायकाला एकटेपण देणे हे लेखकाचे काम झाले. ते एकटेपण पाठीच्या कण्यात, चालण्यात, पेला पुढे करण्याच्या पद्धतीत दाखवणे हे नटाचे. आपण ज्या पाटलाची नक्कल करता त्याला पाठीचा कणा नाही, नुसता ओठ आहे.

चार वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने आणि त्याच लेखकाने निळूभाऊंना ‘सिंहासन’मध्ये अगदी पलीकडच्या खुर्चीवर बसवले. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून केलेल्या या १९७९ च्या चित्रपटात अरुण सरनाईक मुख्यमंत्री आहेत, लागू त्यांना खाली खेचू पाहणारे मंत्री आहेत, सतीश दुभाषी कामगार पुढारी आहेत, आणि निळूभाऊ आहेत दिगू टिपणीस, वार्ताहर. धोतर नाही, टोपी नाही, जरब तर नाहीच. दिगूला सगळे माहीत असते आणि त्याच्या हातात काहीच नसते. मंत्री त्याला बातम्या पुरवतात, त्याच्याकडून बातम्या काढतात, आणि तो या दाराहून त्या दारात जातो. या भूमिकेत बोलण्यापेक्षा ऐकण्याचे काम जास्त आहे, आणि पडद्यावर ऐकणे किती अवघड असते हे आपण, जे रोज कॅमेऱ्यासमोर उभे राहता, माझ्यापेक्षा अधिक जाणता. सत्तेचा सगळा खेळ पाहून झाल्यावर, शेवटी दिगू रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. निळू फुले यांचे हसू म्हणून काही दाखवायचे असेल तर ते हसू दाखवावे. ते हसू लाळ गाळणाऱ्या पाटलाचे नव्हे, पिळून निघालेल्या माणसाचे आहे.

रंगभूमीवरच्या कामाचे दुर्दैव असे की ते पडदा पडताच हवेत विरते, आणि ‘सखाराम बाइंडर’विषयी मी जे सांगू शकतो ते बहुतांशी मोठ्यांच्या तोंडून ऐकलेले आहे. १९७२ साली कमलाकर सारंग यांनी तेंडुलकरांचे हे नाटक रंगमंचावर आणले, परिनिरीक्षण (सेन्सॉर) मंडळाशी आणि संस्कृतिरक्षकांशी त्यांचा झगडा झाला, प्रकरण न्यायालयात गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या गदारोळाच्या मधोमध सखाराम म्हणून निळूभाऊ उभे होते आणि चंपा म्हणून लालन सारंग. सखाराम नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरात आणतो, पहिल्याच दिवशी आपले नियम सांगतो, पटले नाही तर जाण्याची मोकळीक आहे असेही सांगतो, आणि या रोखठोकपणालाच तो आपला प्रामाणिकपणा समजतो. मृदंग वाजवणारा, चिलीम ओढणारा, समाजाच्या ढोंगावर थुंकणारा आणि त्याच वेळी बाईच्या देहावर मालकी सांगणारा हा माणूस. ‘बाई’ हा शब्द निळूभाऊंच्या तोंडी खरा कोठे जड झाला असेल तर तो येथे. माझे वडील या नाटकाच्या प्रयोगाहून परतताना कोणाशी बोलले नव्हते, एवढे आई सांगत असे.

आणि मग जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’ या नाटकातले अप्पाजी. आयुष्य स्वातंत्र्यासाठी झिजवलेला म्हातारा, ज्याचा स्वतःचा मुलगा मुख्यमंत्री झालेला आहे, आणि जो त्या मुलाच्या राजवटीविरुद्ध उभा राहतो. हिंदुराव आणि अप्पाजी एकाच नटाने काही वर्षांच्या अंतराने केले, यातच त्या नटाची उंची कळते. ‘जैत रे जैत’ या चित्रपटात ठाकरवस्तीतला भगत होऊन तो डोंगराइतका जुना दिसतो, आणि ‘सारांश’ या हिंदी चित्रपटात शिवाजी पार्काच्या परिसरात गजानन चित्रे होऊन येतो तेव्हा हिंदीत बोलणारा तो शहरी पुढारी हिंदुरावाचा धाकटा भाऊ वाटावा इतका ओळखीचा निघतो. त्या चित्रपटात अनुपम खेर यांच्या प्रधान मास्तरांपुढे चित्रे जेव्हा गोड बोलतो, तेव्हा खोलीतली हवा कमी झाल्यासारखी वाटते. हिंदीतली त्यांची इतर कामे मला तितकीशी भावत नाहीत. ‘कुली’सारख्या चित्रपटांत ते आहेत एवढेच म्हणता येईल.

प्रामाणिकपणे सांगायचे तर निळूभाऊंना वाड्यात कोंडण्याचे काम आपण सुरू केलेले नाही. ते त्यांच्या हयातीतच मराठी चित्रपटसृष्टीने केले. एक साचा चालला की तोच पुन्हा ओतायचा, या न्यायाने त्यांच्याकडे तोच पाटील, तोच सरपंच, तोच सावकार पुन्हा पुन्हा आला, आणि पोटासाठी काम करणाऱ्या नटाने तो स्वीकारला. त्यातले कित्येक चित्रपट आज पाहवत नाहीत, चाहता असूनही मी हे लिहितो. तरीही त्या सुमार चित्रपटांतसुद्धा त्यांचे एखादे दृश्य असे निघते की आजूबाजूचा पुठ्ठ्याचा वाडा क्षणभर खरा वाटू लागतो. आम्हा प्रेक्षकांनीही त्या साच्याला टाळ्या दिल्या, म्हणूनच तो टिकला. तेव्हा दोषाचे वाटप करायचे तर आमचा हिस्सा आम्ही आधीच उचलतो.

परंतु एक विसंगती अशी आहे की ती आपल्या लेखकांना, म्हणजे विसंगतीवरच ज्यांचा चरितार्थ चालतो त्यांना, दिसू नये याचे मला आश्चर्य वाटते. पडद्यावर गावाला नाडणारा हा माणूस पडद्याबाहेर आयुष्यभर सेवा दलाचा कार्यकर्ता राहिला. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा काही मानधन मिळावे म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा करायचे ठरले, तेव्हा डॉ. लागू, निळूभाऊ, तनुजा आणि इतर नामवंतांनी आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून त्यासाठी पैसा जमवला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाला त्यांनी आणि लागूंनी उघड पाठबळ दिले. ‘सामना’तले हिंदुराव आणि मास्तर पडद्याबाहेर एकाच बाजूला उभे होते, हे चित्र किती बोलके आहे. यावर प्रहसन लिहिता येत नाही, असे मी मानणार नाही.

आता मागणे. आपण निळूभाऊंची नक्कल थांबवावी असे मी म्हणत नाही. करावी, पण ती करताना कोणत्या भूमिकेची करत आहोत हे आधी ठरवावे आणि सूत्रसंचालकाने त्या चित्रपटाचे किंवा नाटकाचे नाव घ्यावे. नाव घेता येत नसेल तर ती नक्कल निळू फुले यांची नाही, हे उघड आहे. पाहुण्या म्हणून आलेल्या अभिनेत्रीकडे, प्रेक्षकांत बसलेल्या एखाद्या मुलीकडे किंवा परीक्षकाच्या खुर्चीवरील बाईंकडे रोखून ती ओळ म्हणणे मात्र कृपया बंद करावे. आपण कॅमेऱ्यासमोर करता ते दुसऱ्या दिवशी एखाद्या कार्यालयात, एखाद्या महाविद्यालयाच्या कट्ट्यावर आणि एखाद्या वरातीत होते. तेथे संहिता नसते, संपादन नसते, आणि त्या मुलीला हसून वेळ मारून नेण्यावाचून मार्ग नसतो. निळूभाऊंचे नाव पुढे करून हे व्हावे, हे आम्हा चाहत्यांना सहन होत नाही.

वाहिन्यांच्या कार्यक्रमप्रमुखांना वेगळी विनंती आहे. आपल्याकडे जुन्या चित्रपटांचे हक्क आहेत, पण ते दुपारी, जाहिरातींच्या मध्ये, कापून दाखवले जातात. येत्या १३ जुलैला ‘सामना’ किंवा ‘सिंहासन’ यांपैकी ज्याचे हक्क असतील तो रात्री नऊ वाजता, न कापता दाखवावा. दोन्ही चित्रपटांना त्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला आहे, तेव्हा दर्जाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. हक्क नसतील तर ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याशी बोलावे; एखाद्या पुरस्कार सोहळ्यातल्या एका नृत्याचा खर्च वाचवला तरी हे जमेल, असा माझा अडाणी अंदाज आहे.

लेखक मित्रांना मात्र मी विनंती करणार नाही, आव्हान देईन. निळूभाऊंनी १९७० च्या दशकात त्यांच्या काळातला पुढारी उभा केला होता. तो जुन्या गढीतला नव्हता, त्या वेळचा अगदी ताजा माणूस होता, आणि त्याला पाहून पहिल्या रांगेतले लोक खुर्चीत चुळबुळत असत. आजचा हिंदुराव धोतर नेसत नाही. तो शिक्षणसंस्था चालवतो, त्याच्या नावाचे फलक चौकाचौकात लागतात, वाढदिवसाला त्याच्यावर जेसीबीतून फुले उधळली जातात, आणि तो आपल्याच कार्यक्रमाच्या पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणा म्हणून बसलेला असतो. त्याचे सोंग घेऊन दाखवा. आवाज न चढवता, वाक्य अर्ध्यावर सोडून, त्याच्या देखत. त्या दिवशी टोपी आणि धोतर भाड्याने आणण्याची गरज पडणार नाही, आणि निळू फुले यांचे नाव घेण्याचीही नाही. आम्हाला ते आपोआप आठवतील.

उत्तराची अपेक्षा नाही. पुढचा भाग आम्ही पाहणार आहोत.

आपला नम्र,
निळूभाऊंचा एक प्रेक्षक